नाव तेच, तरीही फाइल सापडत नाही

वाचकांचे प्रश्न : घरचा सर्व्हर

प्रश्न : माझे आजोबा कीर्तनकार होते. त्यांची कीर्तने, आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या आणि गावातील सप्ताहांची ध्वनिमुद्रणे असा सुमारे सहाशे फायलींचा संग्रह मी कॅसेटींवरून उतरवून घेतला आहे. अनेक वर्षे तो एका जुन्या मॅक संगणकावर होता. आता रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर घरगुती सर्व्हर उभा करून मी तो आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने तिकडे हलवला आहे. सर्व्हरवर डेबियन ही लिनक्स कार्यप्रणाली आहे, बाहेरून जोडलेली डिस्क ईएक्सटी-४ पद्धतीची आहे आणि ऐकण्यासाठी डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, एक मुक्तस्रोत मीडिया सर्व्हर चालतो. बहुतेक फायली फोनवर व टीव्हीवर नीट वाजतात. तीसेक फायली मात्र यादीत दिसतात, शोधल्यास सापडतात आणि वाजवायला गेले की ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो. मी परवानग्या तपासल्या, डिस्कची चाचणी घेतली, डेटाबेस पुसून पुन्हा स्कॅन केले, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवली, तरी फरक पडला नाही. अशा एखाद्या फाइलचे नाव पुसून तेच नाव पुन्हा टाइप केले, की मात्र ती वाजू लागते! दोष मॅकचा असावा अशी शंका होती. परंतु न वाजणाऱ्या फायलींत इंदूरच्या मावसभावाने विंडोजवरून पाठवलेल्या दोन हिंदी नावांच्या फायलीही आहेत, म्हणून ती शंका सोडून दिली. वाजणाऱ्या आणि न वाजणाऱ्या फायलींच्या याद्या सोबत जोडल्या आहेत.
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण जोडलेल्या दोन याद्या हे या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. डिस्क खराब होत असती, तर तिने नावे पाहून फायली निवडल्या नसत्या. परवानग्या चुकल्या असत्या, तर एखादा सबंध फोल्डर किंवा एका वेळी नकललेला सबंध गठ्ठा अडला असता. डॉकरच्या आतील भाषेची मांडणी चुकीची असती, तर देवनागरी नावाच्या फायलींपैकी बहुधा एकही वाजली नसती. आपल्याकडे मात्र एकाच फोल्डरातील, एकाच दिवशी नकललेल्या, जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन फायलींपैकी एक वाजते आणि दुसरी वाजत नाही. अशा वेळी यंत्राकडे पाहणे थांबवून दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि न वाजणाऱ्यांत समान असे काय आहे, तेवढेच शोधावे.

न वाजणाऱ्यांच्या यादीत ‘ओव्या - दुसऱ्या दिवशी’, ‘कीर्तन - पंढरीच्या वाऱ्या’, ‘वऱ्हाडातील सप्ताह’, ‘कऱ्हाड - काल्याचे कीर्तन’, ‘शेतकऱ्यांच्या सभेतील भजन’ अशी नावे आहेत. वाजणाऱ्यांत ‘ओव्या - पहिल्या दिवशी’, ‘कीर्तन - सूर्योदय’, ‘कार्तिकीचे कीर्तन’ ही आहेत. र दोन्हीकडे आहे, जोडाक्षरे दोन्हीकडे आहेत, नावांची लांबीही साधारण तेवढीच आहे. फक्त पहिल्या यादीतील प्रत्येक मराठी नावात ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ आहे आणि दुसऱ्या यादीत ते एकदाही नाही. ‘सूर्योदय’मधील रफार वाजतो, ‘दुसऱ्या’मधील अर्धा र वाजत नाही. उरलेल्या दोन हिंदी नावांत, म्हणजे ‘सीढ़ियों पर गंगा आरती’ आणि ‘बड़ी बुआ के भजन’ यांत, ते अक्षर नाही. पण नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब, असलेले ढ़ आणि ड़ आहेत. संबंध येथेच आहे, कारण संगणकाच्या लेखी आपला अर्धा र हाही नुक्त्याचाच विषय आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक लहानशी चाचणी आपण स्वतः करून पाहावी. सर्व्हरच्या टर्मिनलवर त्या फोल्डरात जाऊन फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएस या आज्ञेपुढे ‘वऱ्हाडातील सप्ताह’ हे नाव हाताने टाइप करावे. अशी फाइल नाही, असे उत्तर येईल. मग केवळ ‘व’ टाइप करून टॅबची कळ दाबावी. टर्मिनल स्वतःच नाव पूर्ण करील आणि आता तीच आज्ञा विनातक्रार चालेल. पडद्यावर एकाखाली एक आलेल्या त्या दोन ओळींत डोळ्यांना काडीचाही फरक दिसणार नाही. त्यानंतर तीच यादी अक्षरांऐवजी बाइटांत मागावी : तेवढ्या आज्ञेपुरती भाषेची मांडणी ‘सी’ अशी ठेवून एलएसला ‘-बी’ हा पर्याय द्यावा, म्हणजे प्रत्येक देवनागरी चिन्ह आठच्या पायावरील तीन-तीन आकड्यांनी लिहिले जाते. हाताने टाइप केलेल्या नावात ‘व’नंतर ३४०-२४४-२६१ हा एक गट येईल. डिस्कवरील नावात त्याच जागी ३४०-२४४-२६० आणि त्यापुढे ३४०-२४४-२७४ असे दोन गट दिसतील. पहिला गट म्हणजे ‘ऱ’ हे एकसंध अक्षर, युनिकोड या जागतिक अक्षरसूचीतील यू+०९३१. दुसऱ्या नावात मात्र साधा ‘र’ आणि त्यापुढे स्वतंत्र नुक्ता आहे.

युनिकोडच्या नियमांप्रमाणे ही दोन्ही रूपे पूर्णतः समान मानायची असतात. अशा समान रूपांतून एक ठरावीक रूप निवडण्याच्या क्रियेला नॉर्मलायझेशन म्हणतात. तिच्या एनएफडी या प्रकारात अक्षरे फोडली जातात आणि एनएफसी या प्रकारात शक्य तेथे पुन्हा जोडली जातात. फ्रेंच, जर्मन किंवा कोरियन लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पावलोपावली भेटतो, कारण त्यांची पुष्कळ अक्षरे अशी फोडता येतात. देवनागरीतील काने-मात्रे मात्र मुळातच स्वतंत्र चिन्हे आहेत, जोडाक्षरेही हलन्त चिन्हानेच साधली जातात, आणि ‘ळ’ला फोडलेले रूप नाही. नेहमीच्या मराठी लेखनात दोन रूपे असलेले अक्षर उरते ते एकटे ‘ऱ’. म्हणूनच आपल्याकडे हा दोष सहाशेपैकी तीसेकच फायलींत दिसला आणि म्हणूनच तो लहरी वाटला. फ्रेंच नावांचा संग्रह असता, तर पहिल्याच संध्याकाळी निम्मी यादी अडली असती आणि दोष लगेच सापडला असता.

फोडलेले रूप आले कोठून, तर आपल्या जुन्या मॅकवरून. १९९८ मध्ये आलेली एचएफएस प्लस ही मॅकची फाइल-व्यवस्था, म्हणजे डिस्कवर फायली ठेवण्याची पद्धत, कोणतेही नाव साठवण्यापूर्वी फोडून घेत असे, आणि शोधतानाही शोधलेले नाव आधी फोडून मगच ताडून पाहत असे. दोन्ही बाजूंना एकच नियम असल्यामुळे मॅकवर आपणांस कधी अडचण आली नाही. लिनक्सवरील ईएक्सटी-४ हा नियम पाळत नाही. तिच्या दृष्टीने फाइलचे नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ. दिलेली माळ जशीच्या तशी ठेवायची आणि मागितलेली माळ तंतोतंत जुळली तरच फाइल द्यायची. आरसिंकने मॅकवरील फोडलेली नावे जशी होती तशी आणून ठेवली. त्याचे काम त्याने चोख केले.

इथपर्यंत कोणाचाच दोष नाही. आपल्या मीडिया सर्व्हरने डिस्कवरील नाव वाचून तेच जपले असते, तर सारे सुरळीत चालले असते. तो तसे करीत नसावा, असे आपल्याच दोन निरीक्षणांवरून दिसते : फाइल यादीत येते, म्हणजे स्कॅनला ती सापडलेली आहे, आणि तेच नाव पुन्हा टाइप केल्यावर ती वाजते, म्हणजे वाजवताना प्रोग्रॅम टाइप केलेल्या रूपानेच तिला हाक मारतो. अशा प्रोग्रॅममध्ये बहुधा घडते ते असे, की स्कॅन करताना प्रत्येक नावाचे एनएफसी रूप करून डेटाबेसात ठेवले जाते. हेतू चांगला असतो, कारण त्यामुळे फोनवर ‘वऱ्हाड’ असे टाइप करून शोधले तर डिस्कवरील रूप कोणतेही असले तरी फाइल सापडते. परंतु पुढे वाजवण्यासाठी फाइल उघडतानाही प्रोग्रॅम डिस्कवरील मूळ नाव न वापरता डेटाबेसातील हे नीटनेटके केलेले नाव वापरतो, आणि त्या नावाची फाइल डिस्कवर नसते. ग्रंथपालाने सूचीत पुस्तकांची नावे शुद्धलेखन सुधारून लिहावीत आणि शिपायाला तीच चिठ्ठी देऊन कपाटाकडे पाठवावे, तसा हा प्रकार आहे. डेटाबेस पुसून पुन्हा स्कॅन केल्याने काहीच का बदलले नाही, हेही यावरून कळते. प्रत्येक स्कॅन नावांना तेच रूप देत राहतो.

इंदूरच्या दोन फायलींनी आपणांस चकवले, ते येथे. एनएफसी म्हणजे सरसकट जोडलेले रूप, असा समज पुष्कळांचा असतो, पण देवनागरीत तो खरा नाही. ऩ, ऱ आणि ऴ ही तीन अक्षरे एनएफसीमध्ये जोडली जातात. यू+०९५८ ते यू+०९५एफ या जागांवरील क़, ख़, ग़, ज़, ड़, ढ़, फ़, य़ ही आठ अक्षरे मात्र जोडणीतून मुद्दाम वगळलेली आहेत, म्हणजे एनएफसीमध्येसुद्धा ती मूळ अक्षर अधिक नुक्ता अशीच राहतात. विंडोजवरील काही कळफलक ढ़ हे अक्षर एकसंध उमटवतात, आणि आपल्या मावसभावाच्या फायलींची नावे तशाच रूपात आली असावीत. बाइटांच्या यादीत त्या जागी ३४०-२४५-२३५ हा एकच गट दिसला, तर तशी खात्री होईल. प्रोग्रॅमने ते अक्षर फोडून डेटाबेसात ठेवले आणि डिस्कवर ते एकसंधच राहिले. म्हणजे मराठी नावे डिस्कवर फोडलेली व डेटाबेसात जोडलेली, तर हिंदी नावे नेमकी उलट. दोन विरुद्ध दिशांनी आलेल्या फायली एकाच ठिकाणी अडल्या. आपण मॅकवरील शंका सोडली ती या दोन फायलींमुळे. वास्तविक त्यांनीच दोष मॅकमध्ये नसून रूप बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे, हे दाखवून दिले आहे.

हा सारा तर्क झाला. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पुरावा घ्यावा. लिनक्सवर एसट्रेस नावाचे साधन आहे. एखादा चालू प्रोग्रॅम प्रणालीकडे काय काय मागतो, ते ते ओळीओळीने छापते. प्रशासकाच्या अधिकाराने मीडिया सर्व्हरच्या प्रक्रियेला ते जोडावे, केवळ फाइल उघडण्याच्या मागण्या छापण्यास सांगावे, आणि फोनवरून ‘वऱ्हाडातील सप्ताह’ वाजवून पाहावे. प्रोग्रॅमने मागितलेल्या नावात ३४०-२४४-२६१ असेल आणि ओळीच्या शेवटी ‘ईएनओईएनटी’, म्हणजे अशी फाइल वा फोल्डर नाही, असे उत्तर असेल, तर प्रश्न मिटला. एसट्रेसही देवनागरी नावे याच आठच्या पायावरील आकड्यांत छापते. पुष्कळांना ते किचकट वाटते, पण या कामी तेच सोयीचे आहे. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या लॉगमध्ये नाव सुबक देवनागरीत येते आणि म्हणूनच तेथे काहीही कळत नाही.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. घरापुरती म्हणाल, तर डिस्कवरील नावेच एनएफसी रूपात आणावीत. त्यासाठी कॉनव्हएमव्ही हे साधन डेबियनमध्ये सहज मिळते. त्याला मूळ व नवे संकेतन दोन्हीकडे यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहिण्याची रीत, असल्याचे सांगावे, एनएफसीचा पर्याय द्यावा आणि आतील सर्व फोल्डरांवर चालण्यास सांगावे. हे साधन आपणहून काहीही बदलत नाही. काय बदलले असते, एवढेच प्रथम दाखवते, आणि ‘नोटेस्ट’ हा पर्याय दिल्यावरच नावे खरोखर बदलते. पहिली फेरी नीट वाचावी. तीत आपल्या न वाजणाऱ्या यादीतील नावे, आणि त्यांबरोबर याच अक्षरांच्या फोल्डरांची नावे, यांखेरीज काही असू नये. एनएफसीचेच नियम लागू होत असल्यामुळे मराठी आणि हिंदी दोन्ही नावे एकाच फेरीत ठिकाणावर येतील. एकाच फोल्डरात दोन्ही रूपांतील फायली शेजारी शेजारी असतील, तर तेथे मात्र हाताने पाहावे लागेल. आपण काही नावे पुन्हा टाइप केली आहेत, तेव्हा त्यानंतर आरसिंक पुन्हा चालवले असल्यास तशा जोड्या निश्चित सापडतील. हे सर्व अर्थात संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून झाल्यावरच करावे.

आरसिंकबाबत आणखी सांभाळावे लागेल. जुना मॅक अजून वापरात असेल आणि तेथून सर्व्हरकडे नियमित नक्कल होत असेल, तर पुढच्याच फेरीत आरसिंकला सर्व्हरवर फोडलेल्या नावांच्या फायली दिसणार नाहीत, म्हणून तो त्या नव्याने पाठवील. आणि मूळ ठिकाणी नसलेल्या फायली पुसण्याचा पर्याय चालू असेल, तर आपण दुरुस्त केलेल्या फायली पुसूनही टाकील. यावर उपाय म्हणून आरसिंकमध्ये नावांचे संकेतन वाटेतच बदलणारा ‘आयकॉनव्ह’ हा पर्याय आहे. तो ३.०.० या आवृत्तीपासून मिळतो. मॅकसोबत कित्येक वर्षे मिळत आलेली आवृत्ती २.६.९ होती, तेव्हा मॅकवर नवी आवृत्ती वेगळी बसवावी लागेल. या पर्यायासह पहिली फेरी कोरडीच, म्हणजे प्रत्यक्ष काहीही न बदलता, चालवून पाहावी. मॅक नव्या पद्धतीचा, म्हणजे २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएस या फाइल-व्यवस्थेचा असेल, तर ती नाव जसे दिले तसे जपते आणि शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. त्यामुळे तेथे नव्याने टाइप केलेल्या नावांना बहुधा हा त्रास होत नाही.

दुसरी आणि खरी दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये व्हावयास हवी. डिस्कवरून वाचलेले नाव बाइटालाही धक्का न लावता एका रकान्यात ठेवावे आणि फाइल उघडताना केवळ तेच वापरावे; शोधण्यासाठी व क्रम लावण्यासाठी नॉर्मलायझेशन केलेले रूप दुसऱ्या रकान्यात ठेवावे. काही जण फाइल सापडली नाही तर नावाचे दुसरे रूप करून पाहणारी ओळ घालतात. तसली ठिगळे आम्हांस पसंत नाहीत, कारण एकाच नावात ऱ फोडलेला आणि ढ़ एकसंध असला, की कोणतेच एक रूप डिस्कवरील नावाशी जुळत नाही. मोठ्या प्रकल्पांनाही हा विषय सुटलेला नाही. नेक्स्टक्लाउड या स्वतःच्या सर्व्हरवर फायली साठवण्याच्या प्रोग्रॅमचे स्कॅन अशी नावे आढळल्यास संकेतन जुळत नसल्याने ही नोंद वापरता येणार नाही, असा इशारा देते, आणि बाहेरील साठवण जोडताना मॅकच्या फोडलेल्या नावांसाठी त्यात वेगळा, संथ चालणारा पर्याय ठेवलेला आहे. गिट या प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने २०१२ मध्ये, १.७.१२ या आवृत्तीत, मॅकवरील नावे जोडून घेण्याची सोय केली.

फाइल-व्यवस्थाच बदलावी, असे कोणी सुचवील. लिनक्सच्या ५.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ईएक्सटी-४ वर समान रूपे एकच मानणारे फोल्डर करता येतात. पण त्यासाठी ती सोय आधी चालू करावी लागते, फोल्डर रिकामा असावा लागतो आणि रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही त्याबरोबर जातो. झेडएफएस या दुसऱ्या फाइल-व्यवस्थेत असा गुणधर्म आहे, तो साठा तयार करतानाच ठरवावा लागतो. तीसेक फायलींसाठी हा खटाटोप करू नये.

कॉनव्हएमव्ही चालवल्यानंतरही एखाददुसरी फाइल शोधात सापडली नाही, तर तिच्या नावात अर्धा र तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेला असण्याचा संभव आहे : साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. युनिकोडच्या २.० या आवृत्तीत हीच रीत होती. पुढे इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतनाच्या रीतीला अनुसरून ‘ऱ’ आणि हलन्त ही रीत आली, पण जुनी रीतही सुसंगतीसाठी कायम ठेवली गेली. बाइटांत हा जोडक ३४२-२००-२१५ असा दिसतो. हे रूप वरील दोहोंशी समान मानलेले नाही, म्हणून कोणतेही नॉर्मलायझेशन त्याला हात लावत नाही. अशा फायली वाजतात, परंतु इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबून लिहिलेला ‘ऱ’ त्यांना शोधू शकत नाही. येथे अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकण्याचा मोह आवरावा. जोडक गेला की ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि ‘आचाऱ्यांचे’ ‘आचार्यांचे’ होते, म्हणजे डोंगरातून समुद्रात आणि स्वयंपाकघरातून मठात! र, हलन्त व जोडक या तिघांच्या जागी ‘ऱ’ व हलन्त घालावे. एवढी अदलाबदल करणारी चार ओळींची पायथॉन आज्ञावली पुरते.

प्रश्न : घरच्या सर्व्हरवरील कूटबद्ध फोल्डरात विंडोजवरून मराठी लेखांच्या फायली टाकताना काही फायली ‘नाव फार लांब आहे’ असे सांगून नाकारल्या जातात. तेवढीच लांब इंग्रजी नावे मात्र चालतात. हाही अर्ध्या र चाच प्रकार आहे काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही, पण मूळ तेच आहे : नाव अक्षरांत मोजले जात नाही. ईएक्सटी-४ वर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून ८५ चिन्हे झाली की जागा संपते. चिन्हे म्हणजे येथे काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तही स्वतंत्र धरावयाचे. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दाची चिन्हे ११ आणि बाइट ३३ होतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेवर मर्यादा २५५ आहे, पण ती १६ बिटांच्या एककांत. तेथे देवनागरी चिन्ह एकच एकक घेते, त्यामुळे तेथे सहज बसलेले नाव लिनक्सवर अडते. आपला फोल्डर ईक्रिप्टएफएस पद्धतीने कूटबद्ध केलेला असेल, तर मर्यादा आणखी आक्रसून १४३ बाइटांवर येते, कारण कूटबद्ध केलेले नाव मूळ नावापेक्षा लांब असते. म्हणजे मराठीसाठी ४७ चिन्हे. नाव तेवढ्यात बसवावे आणि लेखाचे पूर्ण शीर्षक फाइलच्या आत ठेवावे.

प्रश्न : मला प्रोग्रॅमिंग येत नाही. असा दोष सापडल्यावर मुक्तस्रोत प्रकल्पाच्या स्वयंसेवकांना तो कळवायचा, तर काय लिहावे? ‘मराठी फायली चालत नाहीत’ असे मी एका प्रकल्पाला कळवले होते. त्यांनी करून पाहिले, त्यांच्याकडे चालल्या, आणि नोंद बंद झाली.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांनी कोणती तरी मराठी फाइल करून पाहिली असणार, आणि बहुतेक मराठी फायली चालतातच. दोष कळवताना त्याला शक्य तेवढा लहान करावा. एका रिकाम्या फोल्डरात अगदी छोट्या तीन फायली ठेवाव्यात : एकीच्या नावात एकसंध ‘ऱ’, दुसरीच्या नावात र आणि नुक्ता, तिसरीच्या नावात एकसंध ‘ढ़’. यांपैकी पहिली वाजते आणि उरलेल्या दोन वाजत नाहीत, एवढे वाक्य भाषा न जाणणाऱ्यालाही कळते. प्रोग्रॅमची नेमकी आवृत्ती, कार्यप्रणाली आणि फाइल-व्यवस्था लिहावी. काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहावे. एसट्रेसची ती एक ओळ मिळाली असेल तर जोडावी. चाचणी लिनक्सवर, ईएक्सटी-४ वरच करावी असे आवर्जून सांगावे, कारण पुष्कळ विकासक मॅकवर काम करतात, तेथील फाइल-व्यवस्था दोन्ही रूपे एकच मानते आणि दोष दिसतच नाही. तो फोल्डर टार या साधनाने एकाच फाइलीत बांधून पाठवावा. नावांचे बाइट मजकुरातही आकड्यांनी लिहावेत, कारण नाव नुसते चिकटवले तर वाटेतील एखादा संपादक त्याचे रूप बदलू शकतो आणि तपासणाऱ्याच्या हाती दोष नसलेलेच नाव पडते.